आईला गाडी लागते

आमच्याकडं ‘गाडी लागली’ याचे दोन अर्थ होतात. स्टँडवर कुणी ओरडलं, ‘आटपाडी गाडी लागली!’ की पिशव्या उचलून फलाटाकडं पळायचं. आणि चालत्या गाडीत कुणी म्हणालं, ‘मला गाडी लागली,’ की शेजारच्यानं उठून पळायचं. माझ्या आईला दुसऱ्या अर्थानं गाडी लागते, असं मी वीसेक वर्षं धरून चालले होते. लिंबू हुंगायला द्या, खाली पेपर घालून बसवा, खिडकी उघडी ठेवा, कशाचा उपयोग नाही. माझ्या लग्नाच्या ट्रकमध्ये ती वाटभर कठड्यावरून वाकलेली मी डोळ्यांनी बघितली होती. त्यामुळं शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

माझं माहेर आटपाडीच्या पुढं, कुसळं उगवतात त्या भागात. सासर विट्याजवळ, पण ते नावाला. लग्न झालं आणि महिन्याच्या आत नवऱ्याबरोबर तमिळनाडूत सेलमला आले. आमच्या भागातली माणसं देशभर गलाईची दुकानं घालून बसलेली आहेत. सराफांकडचं जुनं, मोडकं सोनं, चांदी घ्यायची, भट्टीत वितळवायची, शुद्ध करून परत द्यायची, असा हा धंदा. नवऱ्याची भट्टी चांदीची. खाली दुकान, वर आमचं घर. तेव्हापासून वर्षातून दोनदा तरी गावाला जायचं आणि परत यायचं, हे माझ्या कपाळी आलं. कसं गेलं तर अंग मोडत नाही आणि कसं गेलं तर खिसा फाटत नाही, यावर मी आता कुणी न विचारताही सल्ला देते. नवरा म्हणतो, हिला स्टँडवर टेबल टाकून बसवा.

पण हे सगळं ज्ञान मी मिळवलं ते एकाच कामासाठी. आईनं एकदा माझ्या घरी यावं. वडील माझ्या लग्नानंतर लवकरच गेले. आई गावाकडं भावाजवळ राहते, सून-नातवंडांत रमते. तशी तिनं चार दिवस माझ्याकडं राहावं, माझा संसार बघावा, गच्चीवर माझ्याशेजारी बसून पाय पसरून गप्पा माराव्यात. बाकीच्यांच्या आया येऊन गेल्या, काही तर दोन-दोन महिने राहून, लोणची घालून गेल्या. माझी आली नाही. मला ते खुपायचं, आणि मी खुपलेलं मनात ठेवणारी बाई नव्हे.

पहिली मी रेल्वे सुचवली. रेल्वे सगळ्यांत स्वस्त, यावर वाद नाही. विट्याहून एसटीनं मिरज, मिरजेत रेल्वे धरायची, दुसऱ्या दिवशी सेलम. पाय लांब करता येतात, उठून चालता येतं, आणि डब्यात संडास असतो, हे सुख केवढं ते बाईमाणसाला विचारावं. फक्त आरक्षण मिळालं पाहिजे. जत्रा आणि लग्नसराई एकदमच येते, आणि दक्षिणेत विखुरलेली आमची सगळी माणसं एकाच आठवड्यात घराकडं तोंड करतात. मग जनरलचा डबा. त्या डब्यात एकदा मी हुबळीपर्यंत कुणाच्या तरी कांद्याच्या पोत्यावर बसून आले आहे. पोत्याचा मालक दर स्टेशनाला मला उठवून कांदे चेंगरलेत का बघायचा. तरीही मी म्हणेन, रेल्वे चांगली.

तेव्हा गावात फोन किराणा दुकानात होता. आईला बोलावणं पाठवायचं, मग परत लावायचा. मी तिला म्हणाले, ‘रेल्वेत गाडी लागत न्हाई गं, रूळ सपाट असत्यात.’

‘आगं, पर त्यो धाडधाड आवाज. माझं डोस्कं उठतंय. तूच ये की. तुला काय, तरणीताठी हायस.’

बरं, म्हटलं. रेल्वे नको तर क्रूझर. जत्रेला गलाईवाले दहा-बाराजण मिळून एक गाडी ठरवतात. सेलममध्ये दारात बसायचं आणि गावात दारात उतरायचं, सामान कितीही न्या, माणशी खर्च रेल्वेच्या जवळपास. कागदावर याहून चांगली सोय नाही. प्रत्यक्षात गुडघे हनुवटीला लागतात, आणि गाडी कुठं थांबवायची हे पुरुष ठरवतात. त्यांना चहा दिसला की थांबतात. आम्हा बायकांना आडोसा हवा असतो, त्याची त्यांना गावापर्यंत आठवण होत नाही. एकदा मी ड्रायव्हरला म्हणाले, ‘दादा, पुढच्या पंपावर थांबवा, न्हाईतर मी दार उघडून उडी टाकते.’ तेव्हापासून माझ्या नवऱ्याला ‘उडीवाल्या वहिनींचे मालक’ म्हणतात.

आईचं उत्तर तयार होतं. ‘दहा बाप्यांच्यात म्या म्हातारी कुटं बसू? आन् लागली म्हंजी कुणाच्या अंगावर?’ तिच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती.

खरं तर आमच्या घराण्यात लांबचा प्रवास तिच्याइतका कुणीच केलेला नाही. तिचे आईबाप मेंढपाळ. दिवाळी झाली की त्यांचा वाडा कोकणात निघायचा. वाडा म्हणजे घर नव्हे. आठ-दहा कुटुंबं आणि त्यांची मेंढरं मिळून जो तळ फिरत राहतो, त्याला आम्ही वाडा म्हणतो. कऱ्हाडावरून कुंभार्ली घाट उतरायचा, आणि पाऊस लागायच्या आत परत चढायचा. घोड्यावर संसार, संसारावर कोंबड्या, कोंबड्यांच्या शेजारी तान्हं पोर. बायका घोडी घेऊन पुढं जायच्या, चूल मांडायच्या, आणि बापई मेंढरं घेऊन मागनं यायचे. आई लग्न होईपर्यंत दरवर्षी अशी गेली आहे.

मी गाड्यांचे भाव सांगायला लागले की ती हेच काढायची. ‘आमाला तिकीट न्हवतं. उलट कोकणातला शेतकरी खतासाठी वावरात मेंढरं बसवून घ्यायचा आन् भात द्यायचा. कटाळा आला की तळ टाकायचा.’

‘आन् पाय दुखायचं न्हाईत व्हय?’

‘दुखायचं की. पर चालताना कवा कुणाला गाडी लागलीया का सांग.’

वाटेत पैसे देणारी ट्रॅव्हल्स मला अजून सापडलेली नाही, हे खरं. पण तिचं एक भावंड त्या वाटेवर तापानं गेलं, हे ती सांगत नाही. ते मला मामानं सांगितलं. तो खर्च कुठं धरायचा ते मला कळत नाही. तरी तिच्यापुढं मी कधी तो विषय काढला नाही.

पुढं विट्यातून थेट दक्षिणेकडं स्लीपर ट्रॅव्हल्स सुरू झाल्या. मी हरखले. पडदा, उशी, पांघरूण, वर पंख्यासारखी थंड हवा. भाडं रेल्वेच्या तिप्पट, दिवाळीत तर ते तोंडाला येईल तेवढं सांगतात. माझा अनुभव असा की पहिला तासभर राजेशाही वाटतं, आणि मग प्रत्येक वळणाला माणूस डब्यातल्या लाडवासारखा या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो. शेजारी अनोळखी बाई असली तर तिच्याशी पहाटेपर्यंत बहिणीइतकी ओळख होते. तरी आईला मी फक्त उशी आणि पांघरूण सांगितलं.

‘निजून जायचं?’ ती म्हणाली. ‘आडवं पडून जायची येळ येईल तवा जाईनच की. चौघं नेतील. आत्ताच कशाला?’

बोलायचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नसतं ना. मी फोन ठेवला आणि नवऱ्यावर ओरडले. त्याचा काही संबंध नव्हता, पण तो जवळ होता.

आम्हाला मूल नाही. सांगलीचे डॉक्टर झाले, कोइमतूरचे झाले, औषधं झाली, उपास झाले. नवऱ्यानं कधी शब्दानं दुखावलं नाही. सासरच्यांनी दुखावलं, पण ते लांब होते. आईनं तर तो विषय माझ्यापाशी कधी काढलाच नाही. फोनवर पाऊस, शेरडं, भावाची पोरं, डाळिंबाचा भाव, एवढंच. मला वाटायचं, बरं आहे, एका तरी माणसाला याचं काही पडलेलं नाही.

आणि मग एकदा माघात मी गावी गेले असताना भाऊजय आईबद्दल सहज म्हणाली, ‘आत्याबाई चिंचलीस्नं कालच आल्या.’ चिंचलीची मायाक्का आमची देवी, कर्नाटकात, रायबागच्या बाजूला. गावातल्या तीस-चाळीस बायका टेम्पोत उभ्यानं कोंबून तिकडं जातात. मी आईला धरलंच. ‘टेम्पोत लागत न्हाई व्हय गं तुला गाडी? भंडारा उधळत, भेळ खात जातीस, आन् लेकीकडं याय म्हटलं की वकाऱ्या?’

‘देवाच्या गाडीत लागत न्हाई,’ आई म्हणाली आणि शेरडाला पाला टाकायला उठली.

मी तीन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. शेवटी भावानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ती तिकडं तुझ्यासाठीच जाती. नवस बोलून आलीया.’ पण राग गेला नाही, कारण टेम्पोत गाडी लागत नाही आणि बाकी सगळ्यात लागते, म्हणजे घोडं पेंड कुठं खातंय ते मला समजेना. माझ्या मनात आलं ते असं की तिला माझ्यापेक्षा मुलगा आणि नातवंडं जवळची. रिकाम्या घरात येऊन ती काय बघणार? हे मी तिला बोलून दाखवलं नाही. मनात मात्र पुष्कळ वर्षं ठेवलं.

मग नवऱ्यानं जुनी कार घेतली. कार म्हणजे मनाला येईल तिथं थांबा, मनाला येईल तेव्हा निघा. खर्चाचं म्हणाल तर डिझेल परवडतं, टोल परवडत नाही. नवरा प्रत्येक टोलनाक्यावर तीच शिवी देतो, आणि मी प्रत्येक नाक्यावर तीच ऐकते. चौघं असाल तर कार घ्या, दोघं असाल तर घेऊ नका. आईला न्यायला आम्ही मुद्दाम गेलो. मागची सीट मोकळी, गाद्या घातलेल्या. नवरा म्हणाला, ‘आवं मामी, बैलगाडीगत हळू नेतो, बसा तर खरं.’

‘जावयाच्या नव्या गाडीत मी वकले तर जलमभर त्वांड दाखवाय जागा न्हाई,’ आई म्हणाली. गाडी जुनी आहे असं आम्ही दोघांनी एकदम सांगितलं. काही उपयोग झाला नाही. तिनं डिकीत शेंगांचं पोतं आणि हुलग्याचं पीठ ठेवलं, आणि आम्ही दोघंच परत आलो. मागच्या सीटवरच्या गाद्या बघून मला हायवेवर रडू आलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं म्हणून नवऱ्यानं हसवायचा प्रयत्न केला, आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्या.

राहता राहिलं विमान. कोल्हापूरहून बेंगळुरूला विमान सुरू झालं तेव्हा आमच्या गलाईवाल्यांत जो तो एकदा तरी बसून आला. मीही बसले. खरं सांगायचं तर आत एसटीपेक्षा दाटी, आणि गुडघ्यांना तेवढीच जागा. पण बसेपर्यंत उतरायची वेळ येते. बेंगळुरूपासून सेलम परत चार-पाच तासांची टॅक्सी, ती धरली तर खर्च कारच्या वर जातो. वेळेला किंमत असलेल्या माणसानं विमानानं जावं. माझ्या वेळेला आजवर कुणी किंमत दिलेली नाही, पण हौसेला मोल नसतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘पाय टेकाय भुई नगं व्हय माणसाला?’ मग मीही नाद सोडला. दुसरं काही उरलंच नव्हतं. बोटीनं सेलमला येता येत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी तिच्याशी फोनवर असंच बोलत होते. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, असं रडगाणं चाललं होतं. बोलता बोलता म्हणाले, ‘पाळी जाऊन वरीस झालं. डाक्टरीण म्हणाली, आता ते संपलं, काळजी करू नका.’ मी ते सुटल्यासारखंच सांगितलं होतं. पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग आई म्हणाली, ‘बरं. मेथ्या भिजवून खात जा.’ आणि तिनं फोन भावाकडं दिला.

आठवड्यानं भावाचा फोन. ‘आई म्हणतीया, त्या विमानाचं तिकीट काढ म्हणावं.’

मी नाचायचीच बाकी होते. नवऱ्याला म्हणाले, ‘बघा, शेवटी विमानच कामाला आलं.’ तो काही बोलला नाही. मला वाटलं, तिकिटाच्या पैशांचा विचार करतोय. मी तिला आणायला स्वतः गेले. भावानं कोल्हापूरला विमानतळावर सोडलं. आईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि मुठीत लिंबू होतं. विमानानं जमीन सोडली तेव्हा तिनं माझा हात धरला, नंतर सोडून दिला आणि विचारलं, ‘कोकण कुठल्या अंगाला आलं?’ मी उजवीकडं बोट दाखवलं. तिकडं ढग होते, तरी ती तिकडंच बघत बसली. लिंबू तिनं एकदाही नाकाला लावलं नाही.

बेंगळुरूपासून टॅक्सीत मी पिशवी उघडून तयार बसले होते. थोप्पूरच्या घाटात भलेभले माना टाकतात. आईनं त्या घाटात शेंगा सोलून खाल्ल्या आणि टरफलं व्यवस्थित पदरात गोळा केली.

‘आगं, तुला गाडी लागतच न्हाई की!’

‘आज न्हाई लागली,’ ती म्हणाली.

घरी पोचलो. दारात मी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. घराकडं तिनं अजून नीट बघितलंही नव्हतं. नवरा दुकानातून वर आला, पाया पडला. मी पाण्याचा तांब्या भरून तिच्यापुढं ठेवला.

नवरा एकदम म्हणाला, ‘मामी, विकतची बाटली आणू का? खाली दुकानात हाय.’

मला रागच आला. ‘का? घरच्या पाण्याला काय झालंय?’

आई त्याला म्हणाली, ‘नगं जावईबापू. हेच पिते.’ तिनं तांब्या उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग डोळे मिटून म्हणाली, ‘मायाक्के, लय वाट बघितली बाई. आता पिते.’

लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. लहानपणी ऐकली होती. पण लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलतो, आईबाप येतात, जेवतात, राहतात, आणि रीत कुणाच्या ध्यानातही राहत नाही. माझ्याही राहिली नव्हती. नवऱ्याच्या होती. तो इतकी वर्षं गप्प होता. पाळी गेल्याचं मीच आईला सांगितलं होतं, आणि ते ऐकून ती आली होती. विमानाचं त्यात काही नव्हतं.

मी तिच्यासमोर खाली बसले. ‘आये, म्हंजी गाडी लागती म्हणायचीस ती...’

‘मग काय म्हणू? तुझ्या लग्नात ट्रकात लागली हुती खरी, तीच पुढं धरून ठेवली. आले आसते आन् तांब्या तसाच माघारी दिला आसता, तर तुझ्या जिवाला किती लागलं आसतं.’

‘मग प्यायचं हुतंस की गं! इथं कोण बघाय येणार हुतं? एवढी वर्सं...’

‘प्याले आसते म्हंजी म्या आस सोडली आसं झालं आसतं,’ आई म्हणाली. ‘सगळ्यांनी सोडली तरी म्या कशी सोडू? म्या आई न्हवं का?’

ज्या दिवसासाठी मी एवढी वर्षं गाड्या बघत होते, तो दिवस आला होता. आई माझ्या घरात, माझ्या भिंतीला टेकून बसली होती. आणि मला वाटत होतं, तिनं तो तांब्या खाली ठेवावा. नको म्हणावं. गाडी लागली म्हणून सांगावं आणि उद्याच्या उद्या गावाला निघून जावं. मी तिच्या हाताला हात लावायला गेले, पण लावला नाही.

तिनं तांब्या वर धरला आणि पाणी सगळं पिऊन टाकलं. पदरानं तोंड पुसलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, ‘ऊठ. जेवाय काय केलंयस?’